एकट्याची सहल, सगळ्यांसकट

३ फेब्रुवारी

ठरलं. एप्रिलमध्ये जायचं. एकट्यानं.

लिहून ठेवतोय, म्हणजे उद्या सकाळी माघार घेता येणार नाही. आज दुकानात एक म्हातारं गिऱ्हाईक आलं होतं. आयुष्यभर जहाजावर आचारी होता, आता घर बांधलंय, दारावर नावाची पितळी पाटी हवी होती. कोरलेल्या अक्षरांतला काळा रंग वाळेपर्यंत त्यानं मला मोबाइलवर फोटो दाखवले. युरोपातलं एक शहर, समुद्राला अगदी खेटून. गल्ल्या पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत जातात, आणि दारादारावर पितळेची पाटी! एकीसारखी दुसरी नाही. काही तर इतक्या जुन्या की पुसून पुसून अक्षरांच्या कडा गोल झाल्यात.

"वसंतात जा," तो म्हणाला. "ऊन कोवळं असतं. गर्दी नसते. कुणी हटकत नाही."

कुणी हटकत नाही — हे त्यानं सहज म्हटलं. माझ्या डोक्यातून ते जात नाही.

५ फेब्रुवारी

एकट्यानंच का? स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर सोपं आहे. बरोबर कुणी असलं की मला दारापाशी उभं राहता येत नाही. मागच्या सहलीत एका जुन्या घराच्या पाटीपाशी थांबलो, तर पुढून दादा ओरडला, "ए फूटपट्टी, चल! पाट्या वाचायला आलोय का आपण?" सगळं आखून-मापून करतो, म्हणून मी त्याची फूटपट्टी. आणि मी तर पाट्यांसाठीच आलो होतो. पण गेलो निमूट.

शाळा आठवीतच सुटली. तिकडची भाषा मला येणार नाही. पण कोरलेलं अक्षर वाचता आलं नाही तरी बोटाला कळतं. छिन्नी कुठून शिरली, कुठे थबकली.

९ फेब्रुवारी

सराव सुरू केला. पहिला धडा, एकट्यानं बाहेर जेवणं. आमच्या घरात कुणी एकटं जेवत नाही. उशिरा आलं तरी आई समोर येऊन बसते.

वेटरनं विचारलं, "अजून कुणी येणार आहे?" तोंडातून निघून गेलं, "हो, येतायत." त्यानं दोन पेले पाणी ठेवलं. मग काय, वाट बघत बसलो! न येणाऱ्या माणसासाठी सारखा दाराकडे बघत होतो. शेवटी दोन्ही पेले पिऊन उठलो.

११ फेब्रुवारी

पुन्हा गेलो. तोच वेटर. या वेळी तो विचारायच्या आधीच सांगितलं, "एकटाच आहे." तो म्हणाला, "बरं मग, खिडकीपाशी बसा. तिथे एकट्यालाच जागा आहे."

पोटभर जेवलो. हळूहळू. कुणी "अजून घे" म्हटलं नाही. परत येताना उगीच शीळ घालत होतो.

१५ फेब्रुवारी

आज जेवताना घरी सांगितलं.

"एकटा?" आई म्हणाली — 'ताप?' म्हणावं तशी.

दादा म्हणाला, "याला कोपऱ्यावरून दूध आणायला धाडलं तर कुठलं आणू म्हणून दोनदा परत येतो. हा युरोपात जाणार."

"मी जाते त्याच्याबरोबर," आई म्हणाली. "त्यात काय एवढं."

"तुम्ही दोघंच? म्हणजे मला यायलाच पाहिजे," दादा.

"आणि मी काय इथे भिंतींशी गप्पा मारू?" वहिनी.

हात धुवेपर्यंत माझ्या एकट्याच्या सहलीला चौघं निघालो होतो. पासपोर्टही सगळ्यांचे तयार. वहिनीच्या भावाचं लग्न परदेशात ठरलं होतं तेव्हा काढले होते. लग्न मोडलं, पासपोर्ट राहिले.

मी काय बोललो? "आमटी छान झालीय," म्हणालो.

१६ फेब्रुवारी

झोप लागली नाही.

२० फेब्रुवारी

घरात नुसती लगबग. आईनं माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी स्वेटर विणायला घेतलाय. मध्येच सुया थांबवून विचारते, "तिकडे फार गार असतं का रे?" वहिनी विचारते, "भावजी, विमान हलतं का हो फार?" दादानं साहेबांकडे रजा मागितली. साहेबांनी तोंड वाकडं केलं, म्हणे. माझ्यासाठी एवढं करतायत ही माणसं, आणि मी करंटा मनातून कुढतोय.

दुकानात मालकांना सांगितलं. ते भिंग डोळ्याला लावून पाटी तपासत होते. "मग सांगून टाक ना सरळ."

"कसं सांगू? आईचा स्वेटर पाठीपर्यंत आलाय."

"तुझं म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय," ते म्हणाले. मग भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. "अरे, पितळेवर खोटा घाव बसला तर सबंध पाटी वाया जाते म्हणून तू आधी पेन्सिलीनं आखतोस. पण आखतच बसलास तर पाटी होणार कधी?"

२३ फेब्रुवारी

तिकिटांच्या कचेरीतल्या ताईंचा फोन. चार जागा सोमवारपर्यंतच धरून ठेवता येतील. सगळ्यांनी पासपोर्ट घेऊन या.

सोमवारपर्यंत बोललो नाही, तर त्या गल्ल्यांतून मी "चल रे, चल रे" ऐकत पळत फिरणार. आणि पुन्हा जाणं काही माझ्यानं होणार नाही. एवढं धाडस अंगात एकदाच येतं.

रविवार

आरशासमोर उभं राहून बोलून पाहिलं. आरशातल्याला पटलं. तो आमच्या घरचा नाही.

सोमवार

झालं! सगळं लिहितो.

चौघं ताईंच्या टेबलासमोर ओळीनं बसलो. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती. ताई म्हणाल्या, "चौघांना शेजारी-शेजारी जागा देऊ ना?" दादानं मान हलवली. आणि मी त्या वेटरला सांगितलं होतं तसंच म्हणालो, "एकच द्या. एकटाच आहे."

तिघांच्याही माना माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले. मग थांबताच येईना. गल्ल्या, पाट्या, गोल झालेल्या कडा, मला एकेका दारापाशी हवा तेवढा वेळ उभं राहायचंय, कुणी पुढे जाऊन वाट बघत उभं असलं की मला काही दिसत नाही — सगळं सांगितलं. आईच्या तोंडाकडे बघायची छाती नव्हती, म्हणून ताईंच्या कॅल्क्युलेटरला सांगितलं.

आधी वहिनीला हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी आवरेना. "अगं बाई! म्हणजे मी सुटले? मला तर उंच जिन्यावरसुद्धा गरगरतं. आईंना सोबत हवी म्हणून हो म्हटलं मी!"

"मला कशाला हवी सोबत?" आई म्हणाली. "मला जायचंच कुठे होतं? रोज पहाटे विमान आठवून जाग यायची. पण हा एकटा जायला घाबरेल, म्हणून..."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. तो खुर्चीत सैल झाला होता. "साहेब बढतीचं एप्रिलमध्येच बघणार होते," तो पुटपुटला. मग माझ्या पाठीत एक धपाटा. "मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून का बसला होतास, गाढवा?"

"तू तरी बोललास का?" आई त्याला म्हणाली.

"तू बोललीस?"

ताईंनी तीन जागा सोडून दिल्या. म्हणाल्या, "माझ्या टेबलाशी लोक खिडकीवरून भांडतात. जायचं रद्द झालं म्हणून एवढे खूश झालेले आजवर पाहिले नव्हते."

येताना चौघांनी उभ्या-उभ्या आइस्क्रीम खाल्लं. आई म्हणाली, स्वेटर उसवून तुझ्या मापाचा करते. आणि जरा वेळानं, दुसरीकडे बघत, "भीती वाटली तर मात्र फोन कर. आम्ही येणार नाही. पण कर."

१९ मार्च

व्हिसा आला. मालकांनी आठ दिवसांची रजा दिली, वर म्हणाले, "एखाद्या पाटीवर बोट फिरव माझ्याही वाटणीचं."

दुपारी एका नव्या पाटीवर ओळीनं अक्षरं कोरली. एकदाही न आखता. सरळ आली!

२ एप्रिल

हा नाहीच आहे तर आपणही जरा जाऊन येऊ, असं वारं घरात शिरलंय. वहिनी माहेरी चालली. आई तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे. "सोडायला येऊ नका कुणी, बस मला कळते," म्हणाली. दादा एकटाच घरी राहणार. दोन दिवस गप्प-गप्प आहे. माझ्यामुळे बिचाऱ्यावर ही वेळ आली. जिवाला लागून राहिलंय. सहल पुढे ढकलावी का?

६ एप्रिल

उद्या निघायचं. बॅग भरत होतो, तर दादा दार लोटून आत आला. इकडे-तिकडे बघितलं, आवाज खाली केला.

"आठच दिवस का रे? दोन-चार वाढवून मिळतात का, बघ ना."