सुतासारखा सरळ

६ जानेवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस हे तुझ्या आईकडून कळलं. आत्याला दोन ओळी लिहायला हात दुखतात वाटतं! तुझं ते तीन पायांवर उभं राहून गरगर मान फिरवत मापं घेणारं यंत्र गेल्यापासून वाचनालय ओकंबोकं झालंय. विद्यापीठाच्या या जुन्या वाचनालयात माझी उभी हयात गेली. बाहेरच्या माणसाला दारातूनच परत पाठवायचं, हे माझं काम. आता तुमची कार्यशाळा या वाचनालयाचीच हुबेहूब लहान प्रतिकृती छापून लोकांच्या हाती देणार, म्हटल्यावर मला भरूनच आलं.

बाकी ठीक. रोज सकाळी माझ्या टेबलावर पांढरी भुकटी पडलेली असते. वरच्या लाकडी सज्जातून येत असणार. सज्जाखालच्या कपाटाचं दारही नीट लागत नाही. संचालक म्हणाले, म्हातारपणी सांधे कुरकुरायचेच. रोख इमारतीकडे होता की माझ्याकडे, देव जाणे.

माया पातळ झालेली नाही, पत्रंही होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, कामात बुडाले होते. छपाई सुरू झाली. छपाईचं यंत्र प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवतं आणि बघता बघता खांब उभे राहतात. तुझं टेबलसुद्धा आहे, नखाएवढं!

सज्जाने मात्र छळलं. मापात तो मधोमध झुकलेला आला. मी मोजत असताना तू चहा घेऊन लुडबुडलीस ना, तेव्हाच यंत्राला धक्का लागला असणार. असले हादरे आम्ही संगणकावर पुसून टाकतो, ती कार्यशाळेची रीतच आहे. सज्जा सुतासारखा सरळ करून टाकला. गेल्या आठवड्यात माझा सहकारी रंग टिपायला आला, तेव्हा त्यानेही मापं घेतली. त्यातही तोच झोल! त्यालाही चहा पाजलास वाटतं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी चिमणी

२० फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

प्रतिकृती आली. पोरी, सोनं केलंस! एक दृष्टिहीन शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी खांब, कमानी, सज्जा, सगळं बोटांनी पाहिलं आणि म्हणाल्या की जन्मभर या रस्त्याने गेले, आज आत आले. मी डोळे पुसत बसले.

संचालकांना आता चेव चढलाय. येत्या रविवारी उद्घाटन. प्रतिकृती पाहून झाली की लोकांना खऱ्या सज्जावर नेणार. त्याखालचं कपाट आता उघडतच नाही. वरून कोणी दाबून धरावं तसं घट्ट बसलंय.

आणि चहाचं खापर माझ्या माथी फोडू नकोस. यंत्र लावण्याआधी तू मला दंडाला धरून बाहेर काढलं होतंस. तुझ्या सहकाऱ्यानेही तेच केलं, वर आतून कडी लावली. आत चिटपाखरू नव्हतं. मग धक्का लावला कोणी?

वेंधळी आहेस तरी लाडकी आहेस, तशीच राहा.
तुझी आत्या

२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तडक संगणक उघडला. दोन्ही वेळची मूळ मापं काढली आणि काहीही न पुसता एकावर एक ठेवली. झोल अगदी त्याच जागी आहे, आणि दुसऱ्या वेळी जास्त खोल आहे. यंत्र हललंच नव्हतं, आत्या. सज्जा खचतोय, आणि मी तो सरळ करून छापला.

संचालकांना फोन केला, तर लेखी पाठवा म्हणाले. सोबत त्या मापांची रंगीत चित्रं जोडली आहेत, ती त्यांच्या हातात दे. वर कोणालाही चढू देऊ नकोस. तुझं टेबल आजच्या आज हलव. मला फार भीती वाटते आहे.

माझ्यावर माया असेल तर एवढं ऐकच.
चिमणी

शनिवार

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून लिहिते.

चित्रं दिली. संचालकांनी प्रतिकृतीच्या सज्जावर पट्टी ठेवून सगळ्यांना दाखवली. केसभरही फट नाही. तुमच्याच भाचीने बनवलेली हातातली वस्तू खरी मानू की ही रंगीत चित्रं, असं मला विचारलं. इंजिनिअर बोलावतो म्हणाले, पण उद्घाटन झाल्यावर. माझं डोकं फिरलं. प्रतिकृती उचलली आणि फरशीवर आपटली. तुकडे तुकडे झाले.

मला घरी बसायचा हुकूम झाला, तरी मी इथे येतेच. आणि आज सकाळी तुमच्या कार्यशाळेची गाडी दुसरी प्रतिकृती घेऊन हजर. मालकांनी तुला विचारलंही नसेल. तशीच सुबक, तशीच सरळ. आपटून संपणारी वस्तू नाही ही, हे मला कुठे माहीत होतं?

माझ्या टेबलाशी नवी मुलगी बसते. भुकटी बोटावर घेऊन दाखवली, तर हसून फडकं आणायला गेली.

परत जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरपाशी हे पत्र देते. तू तो सज्जा आहे तसा, वाकडा छाप आणि घेऊन ये. पहाटेच नीघ. तोवर मी सज्जाच्या जिन्यात, पहिल्या पायरीवर बसून राहणार आहे. मला ओलांडून कोण वर जातं ते बघते.

इथे खालून कान दिला की वरचं लाकूड कुरकुरताना ऐकू येतं. आधी अधूनमधून यायचं. आता थांबत नाही.

आशीर्वाद आहेतच. उशीर करू नकोस.
तुझी आत्या