त्यांच्या मागून कोण चालायचं

लातूर,
गुरुवार

प्रिय नीलम्मा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील, अशी मला शंका आहे. उघडलंस तर आधी बातमी. पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी तुझ्या अप्पांना झटका आला. उजवा हात गेला होता, तो थोडा परत आलाय. वाचा आली नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात येईल ते येईल, पुढं फार आशा धरू नका. नऊ महिने झाले. तुला का कळवलं नाही ते लिहिणार आहे, पण जरा दम धर.

इथल्या मठाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संगीतोपचार चालतो. चालवणारी हदगावची एक पोरगी आहे, पुण्यात शिकून आलेली. मी तिला मिस हदगाव म्हणते. पहिल्या दिवशीच मला तिचा संशय आला. पेटी नाही, तबला नाही. सतरंजीवर रिकाम्या घागरी, सुपं, ज्वारी भरलेले डबे. रिकाम्या घागरींना यंदा लातुरात तोटा नाही, हे खरं. ती नुसता ऋतू सांगते आणि मग ज्याला जे सुचेल ते त्यानं वाजवायचं. कुणी शिकवायचं नाही, कुणी चुकलं म्हणायचं नाही. सिकंदराबादच्या माझ्या शाळेत पियानोवर एक बोट चुकलं तर सिस्टर पट्टीनं मारायच्या. चूक नाही म्हणजे ही विद्या कसली, मला सांग.

शिवाय ती सगळं फोनवर रेकॉर्ड करते आणि वहीत काहीतरी लिहिते. मी दोनदा वहीत डोकावले. आषाढ वाजवायचा म्हणून तिनं पाण्याची बादली मागितली, तेव्हा मात्र मी फैलावर घेतलं. नळाला बारा दिवसांनी पाणी येतं आणि ही ते वाजवणार. शेवटी सगळ्यांनी सुपात ज्वारी घोळून पाऊस पाडला. एसटीचे जुने ड्रायव्हर रामकिशन शेजारी बसतात, हात सारखा थरथरतो. ते म्हणाले, "बाई, खरा पाऊस तर येऊन नाही राहिला, ह्योच ऐका की." सगळे हसले. अप्पाही हसले, आवाज न करता. उदगीर जिल्हा होणार म्हणतात, तर आपलं रान नव्या जिल्ह्यात जाईल, असंही ते अप्पांना सांगत असतात. जिल्हा बदलला म्हणून विहिरीला पाणी लागणार आहे का, असं मी विचारलं की सूप ओढून ज्वारी घोळायला लागतात.

मार्गशीर्ष लागल्यावर मिस हदगाव म्हणाली, आता या महिन्याचं वाजवा. अप्पांनी डाव्या हातानं घागर जवळ ओढली. काठीचे दोन ठोके, मग थांबले. पुन्हा दोन ठोके, पुन्हा थांबले. तिनं वहीत लिहिलं, 'लवकर दमतात'. मी वाचलं. तिचा दोष नाही. तिच्या गावाकडं मार्गशीर्षातल्या अवसेची येळवस होत नाही. मला मात्र पहिल्याच ठोक्याला कळलं होतं. येळवशीला रानात हिरव्या कडब्याची खोप करायचो, पूजा झाली की अप्पा आंबिलीचं छोटं मडकं, तो बिंदगा, घेऊन पिकाभोवती फिरायचे. शिंपडत पुढं 'ओलगे, ओलगे' अशी हाळी द्यायचे आणि थांबायचे. मागून उत्तर आलं की मगच पुढचं पाऊल. ते दमत नव्हते, नीलम्मा. वाट बघत होते.

तरी मी तीन गुरुवार तोंड उघडलं नाही.

आज त्यांनी ठोके दिले आणि तोंडातून 'ओ' आला. घोगरा, पण आवाज. नऊ महिन्यांनी. आणि मान वळवून मागं बघितलं. मिस हदगाव म्हणाली, सगळ्यांनी उत्तर द्या. रामकिशन "हाव, म्या देतो" म्हणत ओरडले, बाकीचेही ओरडले. अप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि काठी खाली ठेवली. मग तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "आजी, यांच्या मागून कोण चालायचं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

त्या उत्तरासाठी हे पत्र लिहितेय. नऊ वर्षांपूर्वी तू नांदेडच्या त्या मुलाशी लग्न केलंस, तेव्हा अप्पांनी तुझं तोंड बघणार नाही म्हटलं, असं मी तुला सांगितलं. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, पोरीला येळवशीला कधी बोलवायचं. देवापुढं सगळी लेकरं सारखी, हे मी शाळेत रोज म्हणत होते, पण जावई बौद्ध म्हटल्यावर मला ते आठवलं नाही. अप्पांना मी सांगितलं, तीच येत नाही म्हणते. तुझी दोन पत्रं आली, ती माझ्या ट्रंकेत आहेत. जगातल्या प्रत्येकाचा संशय घेतला मी, आणि खोटं बोलत होते मीच. तुम्ही दोघांनी माझ्यावर विश्वास ठेवलात. पुढच्या गुरुवारी चार वाजता ये. जावयांनाही घेऊन ये. त्यांचं नाव मी आजवर घेतलं नाही, दारात तूच सांग. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. अप्पांच्या मागं उभी राहा आणि ते थांबले की उत्तर दे.

तुझीच,
आई