बारा व्होल्टचा डबा आणि सासूबाईंची बॅटरी

७ जून
ऑफिसने जुना कॉम्प्युटर भंगारात काढला. त्याचा पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा मी मागून घेतला. आत बारा व्होल्ट, पाच व्होल्ट, सगळं तयार. आमच्या न्दोला शहरात डोकं चालवणारे कमीच.

संकल्प: वीज गेली की वापरायची ती घरातली मोटारीची बॅटरी निवृत्त. रेडिओ, मोबाइल आणि बायकोच्या कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणारा बल्ब, सगळं या डब्यावर.

९ जून, संध्याकाळी
हिरवी वायर काळीला जोडली की डबा सुरू होतो. बायकोची केसांची पिन कामी आली. पिवळीवर मोटारीचा बल्ब लावला. लख्ख! बायकोला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, याची मागची वायर कुठे जाते. म्हटलं, भिंतीतल्या प्लगमध्ये, आणखी कुठे? "बरं," म्हणाली आणि जेवणाची न्शिमा, मक्याच्या पिठाची, घोटायला गेली. कदर नाही.

१२ जून
इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, थंडी वाढलीय. पिल्लं जपायला हवीत. ऑगस्टमध्ये रीतीप्रमाणे आमच्या घरच्या बायका जेवणाची भांडी डोक्यावर घेऊन लेकीच्या, मुसोंडाच्या, सासरी जाणार. त्या भांड्यांत याच कोंबड्या असणार. त्या रिकाम्या हाताने गेल्या तर मुलीला जन्मभर ऐकावं लागेल.

काळजी नाही. दिवसा वीज जाते तेव्हा मी ऑफिसात असतो, पण संध्याकाळी रोज टेस्ट घेतो. डबा रोज पास.

१४ जून, शनिवार
मन मोठं केलं. बॅटरी सासूबाईंना भेट. आमच्यात जावई सासूच्या समोर जात नाही, म्हणून बायकोच्या हाती पाठवली. ती दारातच थांबली.

"मुसोंडाचे बाबा, आईला दिलेली वस्तू परत मागता येत नाही. विचार करा."

म्हटलं, मागतोय कोण! सासूबाईंनी उलट अख्खा कोंबडा शिजवून पाठवला. खाल्ला. झकास होता.

१५ जून, रविवार, सकाळी सात
वीज गेली. डबाही बंद. पिन सैल असणार.

सव्वासात
पिन सैल नाही.

साडेसात
शेजारचा कापेम्बवा कुंपणावरून डोकावला. म्हणाला, भिंतीतच वीज नाही तर डब्यात कुठून येणार? वर दात काढले. हे मलाही सुचलं होतं, बोललो नव्हतो इतकंच. डबा निर्दोष आहे. चूक वीजवाल्यांची.

आठ
पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून गोळा झालीत. दोन-तीन डोळे मिटून बसलीत. घरात कोळशाचा चुरासुद्धा नाही. बायको रिकामं खोकं शोधतेय. आज खरंच भीती वाटली.

नऊ
बॅटरी मागायची नाही, नुसती तब्येतीची चौकशी करायची, असं ठरवून सासूबाईंच्या फाटकापर्यंत गेलो. त्या अंगणातच होत्या. रीतीप्रमाणे आंब्याच्या झाडाआड झालो. आत रेडिओ जोरात चालला होता, माझ्याच बॅटरीवर. परत आलो.

दहा
बायको खोक्यात पिल्लं भरून माहेरी गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

अकरा
सासूबाईंचा निरोप! बॅटरी परत देणार नाहीत, भेट परत करणं वाईट. पण तो डबा पाठवून द्या म्हणाल्या. शेवटी घरात कुणाला तरी डब्याची किंमत कळली. डबा फडक्याने पुसून, वायरींची नीट वेणी घालून कापेम्बवाच्या हाती पाठवला.

१६ जून
पिल्लं वाचली, सगळी. बायकोच्या बोलण्यातून बाकीचं कळलं. बॅटरी रेडिओ वाजवून काल पिल्लं पोचायच्या आतच उतरली होती. मग सासूबाईंनी डब्यातलं सगळं उपटून टाकलं, आत निखारे भरले आणि तो खुराड्याशेजारी ठेवला. माझ्यासाठी म्हणे खास सांगितलंय:

"जावयांना सांग, शेगडी उत्तम आहे. भोकंही आधीच पाडलेली."

बायकोने पिन पुन्हा केसांत खोवली आणि हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

नोंद: डबा आता विजेशिवाय चालतो.