धाकट्याने आधी सोडून दाखवावी

आदरणीय थोरले दादा,

तुमच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून सलाम (कागदावर जेवढं वाकता येतं तेवढं वाकलो आहे, प्रत्यक्षात अलीकडे मध्ये पोट येतं). वहिनींनाही सलाम. माड भरपूर रस देत असतील, गुळाची कढई रोज चढत असेल आणि शेळी एव्हाना व्याली असेल असं धरून चालतो. इकडे योग्याकार्तात आम्ही सुखरूप आहोत. मुजिरा गल्लीच्या तोंडाशी गुदेग, म्हणजे आपली कोवळ्या फणसाची गोडसर भाजी, घेऊन बसते आणि न्याहारीची वेळ संपायच्या आत पातेलं खरवडून परत येते. माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं कामही बरं चाललंय. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर नको तो विषय निघाला की तुम्हाला ऐकू येईनासं होतं.

तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची चौकशी मी करणार नाही. थोरल्याच्या दुखण्यात धाकट्याने बोट घालू नये एवढं मला कळतं. वहिनींनीच कळवलं, की जखम अजून भरत नाही, कडेने काळी पडत चालली आहे, आणि तुम्ही तिच्यावर विड्याचं पान बांधून माडावर चढता. खाचेत जो रोवून तुम्ही आयुष्यभर माड चढलात तोच हा अंगठा, एवढंच मी नमूद करतो. ईदेला आरोग्य केंद्रातली बाई आपल्या दोघांचं रक्त तपासून गेली आणि दोघांच्याही रक्तात साखर निघाली, तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "आधी धाकट्याने सोडून दाखवावी. त्याने महिनाभर सोडली, तर मी साखरही सोडेन आणि डॉक्टरला अंगठाही दाखवेन." एवढं बोलून गुळाचा खडा तोंडात टाकलात. सगळे हसले. मीही हसलो, पण दादा, मी ते ऐकून ठेवलं.

तर कळवण्यास आनंद होतो की मी साखर सोडण्याच्या तयारीला लागलो. 'तयारी' हा शब्द मोजून मापून वापरला आहे. कोणतंही मशीन पूर्ण उघडून, प्रत्येक भाग फडक्यावर ओळीने मांडल्याशिवाय मी स्क्रू पिळत नाही (हे मला कोणी शिकवलं नाही. ज्यांना शिकवलं ते अजून वरून तेल सोडतात आणि पैसे घेतात). त्याच पद्धतीने आरोग्य केंद्राची पुस्तिका वाचली, भाचीच्या फोनमधलं सगळं वाचलं, दोन्हींतल्या चुका काढल्या आणि माझा नियम बसवला. जे जमिनीतून, झाडावरून किंवा पाण्यातून जसं निघालं तसंच ताटात यायचं. रताळं चालेल, रताळ्याची वडी नाही. मासा चालेल, मासा ज्यात बुडवतात ते नाही. नारळ चालेल, पण तुम्ही नारळाच्या झाडाचं जे करता ते मुळीच नाही (राग नसावा).

मग स्वयंपाकघर उघडलं. गुळाच्या ढेपा आणि पांढरी साखर सापडणार हे माहीत होतं. गोड काळ्या सोया सॉसची बाटलीही अपेक्षित होती. पण आंबवलेल्या सोयाबीनचे तेम्पेसुद्धा आपण गुळाच्या पाण्यात मुरवून मग तळतो, हे इतकी वर्षं खाऊनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रस्साभाजीत गूळ, अंड्यांना गूळ, आणि शेवटी मिरचीच्या चटणीतही गूळ. दादा, निदान त्या चटणीवर माझा विश्वास होता. मी एकेक वस्तू उचलून दाराशी ठेवत होतो आणि मुजिरा कमरेवर हात ठेवून बघत होती. ती म्हणाली, "काढा, सगळं काढा. शेवटी या घरात मीठ आणि मी, दोघंच उरू." (तिच्या धंद्याच्या पातेल्याला मी हात लावला नाही. घर आणि धंदा वेगळा, हे माझं तत्त्व आहे. शिवाय उलथनं तिच्या हातात होतं.)

आता अन्न टाकून द्यायचं नाही, तेव्हा मी ते वाटीवाटीने शेजारी वाटलं. का वाटतोय हे मात्र सांगता येईना. गुदेगवालीच्या नवऱ्याला साखरेचा आजार आहे असं एकदा गल्लीत झालं, की मुजिराच्या पातेल्याकडे माश्यांखेरीज कोणी फिरकणार नाही. म्हणून प्रत्येक दारात "सहज" म्हणालो. चांगला टणक, लालसर, डोंगरातला गूळ कोणी सहज देत नाही हे पहिल्या दारातच माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्याहून मोठी चूक म्हणजे वाट्या आमच्या होत्या. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही ही रीत मी लहानपणापासून पाळत आलोय, पण हिशेब मांडताना तेवढी सुटली. संध्याकाळपासून वाट्या परत येऊ लागल्या. समोरच्या बू लास्मीने आमच्याच गुळात केळी शिजवून पाठवली. कोपऱ्यावरच्यांनी गुळाचं सारण भरलेले हिरवे गोळे दिले, जे तोंडात फुटतात. मागच्या घरातून चिकट भाताच्या वड्या आल्या, आणि त्या त्यांच्या ताटलीत आल्यामुळे ती ताटली भरून पाठवणं आमच्याकडे लागलं. जेवढं घराबाहेर गेलं होतं त्याहून जास्त आत आलं, तेही शिजवून, म्हणजे टिकणारं नव्हे, आजच खायचं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीचे मुख्य पाक कास्दी आले. आधी माझ्या पिंजऱ्यातल्या पारव्याच्या आवाजाचं कौतुक झालं, मग गटाराचं झालं, मग पावसाचं. मुजिराने त्यांना नेहमीचा गोड चहा दिला आणि मी स्वतःपुढे नुसतं गरम पाणी घेतलं. ते बराच वेळ माझ्या पेल्याकडे पाहत राहिले. पाहुण्यासमोर कोरं पाणी पिणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर काहीतरी मिळवण्यासाठी व्रत धरून बसलेला असतो, आणि मी तब्येतीने तर दारात मावत नाही. शेवटी ते म्हणाले, "प्रावोतो, व्रत कशासाठी धरलंस ते मी विचारत नाही. पण पुढच्या महिन्यात मुख्याची निवड आहे, हे तुझ्या ध्यानात असेलच."

मी म्हटलं की मला मुख्य व्हायचं नाही. पण आपल्याकडे ज्याला व्हायचं असतं तोही हेच म्हणतो, त्यामुळे त्यांची खात्री पटली. दुपारी त्यांच्या बायकोने माझं मन वळवण्यासाठी गुळाचं सारण भरलेले वाफवलेले मोदक पाठवले. संध्याकाळी पाक कास्दींवर खार खाणाऱ्या लोकांनी मला धीर यावा म्हणून दुप्पट पाठवले. मी उमेदवार नाही हे दोन्ही बाजूंना सांगून दमलो. जितकं नाकारलं तितकं गोड वाढत गेलं. शेवटी मुजिरा म्हणाली, एकदाचं स्लामतान घाला, साऱ्या गल्लीला चटईवर बसवून जेवू घाला आणि काय तो हेतू चारचौघांत सांगून मोकळे व्हा. नाहीतरी कोणतंही कठीण काम आपल्यात शेजाऱ्यांना जेवू घातल्याशिवाय कोणी सुरू करत नाही. मला पटलं. जमलेलं सगळं एका बैठकीत संपणार होतं. फक्त स्लामतानाला तांबडी-पांढरी लापशी लागतेच, तांबडीला गूळ लागतो, आणि आमच्या घरात तो नव्हता. मी बू लास्मीच्या दारात जाऊन आमचाच गूळ उसना मागितला. तिने दिला, आणि काही विचारलं नाही, फक्त आत जाऊन हसली.

सगळे चटईवर बसले, लापशी मध्ये ठेवली, आणि दुआ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं की यजमानाचा हेतू काय. मी एक वाक्य घोटून ठेवलं होतं, अगदी दरबारी भाषेतलं, ज्यात सर्वांचं आरोग्य होतं आणि माझं काहीच नव्हतं. पण सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती, पाक कास्दी पुढे सरकून बसले होते, आणि त्या लापशीसमोर खोटं बोलायचं नसतं. ते दरबारी वाक्य मी सोडून दिलं. मी आपल्या घरच्या साध्या बोलीत म्हणालो, "माझ्या थोरल्या भावाचा अंगठा राहावा म्हणून."

म्हाताऱ्यांनी विचारलं, कोणत्या पायाचा. मी सांगितलं, उजव्या. (हा माणूस मला आवडला. मागायचं तर नीट मागावं.) मग त्यांनी तुमचं नाव घेतलं, वडिलांचं नाव घेतलं, पायासकट सगळं दुआत घातलं. सर्वांत मोठ्याने 'आमीन' पाक कास्दी म्हणाले आणि नंतर दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी मुजिराचं पातेलं रोजच्याहून लवकर रिकामं झालं. माझं आजारपण गल्लीला कळेल याची मला केवढी चिंता होती, आणि लोक येऊन विचारत होते ते तुमच्या पायाबद्दल.

तर अशा प्रकारे तयारी सर्व बाजूंनी पूर्ण झालेली आहे. घरात साखरेचा कण नाही. वहिनींना पुन्हा सलाम, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञेतला धाकटा,
प्रावोतो

ता. क. यजमानाने लापशीचा पहिला घास घ्यायचा असतो, तो मी घेतला. दुसरा घास पहिला बरोबर होता की नाही हे पाहण्यासाठी घेतला. त्यापुढचे का घेतले याचं कारण मला सापडलेलं नाही. साखर अजून सुटलेली नाही, दादा. तयारी मात्र खरोखर उत्तम झाली होती.

पुन्हा ता. क. मुजिराने वरचं वाचलं आणि म्हणाली, पानं भरलीत, पण लिहायचं ते लिहिलं नाहीत. म्हणून लिहितो. तुमच्या अटीत मी हरलो. महिना तर राहू द्या, एक दिवसही मला एकट्याला जमलं नाही. हरलेल्या धाकट्याला समोर बसवून हसण्याचा थोरल्याला हक्क आहे, आणि तो पत्रातून बजावता येत नाही. तेव्हा हसायला या. बुधवारी सकाळची बस घ्या. ती इकडच्या आरोग्य केंद्राच्या दारातच थांबते, मी तिथे बाकावर बसलेलो असेन. डॉक्टरांकडे दोन नावं दिली आहेत, वयाप्रमाणे तुमचं आधी. थोरल्याच्या आधी धाकट्याने आत जाणं बरं दिसत नाही, म्हणून तुम्ही येऊन आत जाईपर्यंत मला त्या बाकावरून उठता येणार नाही.