चक्रीची निवड माझी होती

मी, भालचंद्र त्रिंबक मोघे, वय एकाहत्तर, राहणार कंपू, लष्कर ग्वाल्हेर, महसूल दफ्तरातून निवृत्त, हे लिहितो ते शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी छातीबद्दल जे सांगितले ते घरात सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे कारण लिहीत बसत नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. कंपूतील घर माझा मुलगा गोपाळकृष्ण याचे. मात्र माडीवरच्या दोन खोल्यांत माझी मुलगी वनमाला हयातभर राहील. वैधव्यानंतर चौदा वर्षे तिने हे घर चालवले आहे. ती पाहुणी आहे असे तिला कोणीही भासवू नये, आणि सूनबाई पद्मा यांनी हे कलम दोनदा वाचावे.

कलम २. पत्नीच्या पाटल्या वनमालेला, नथ पद्माला. बँकेतील शिल्लक दोघा भावंडांना सारखी. यावरून वाद घालू नका. मी फार थकलो आहे आणि वरूनही ऐकायची इच्छा नाही.

कलम ३. मौजे पिपरौलीची ऐंशी बिघे जमीन, ट्रॅक्टर आणि अवजारांसह, एकट्या वनमालेची. गोपाळकृष्णाला वाईट वाटेल. कारण लिहिणे भाग आहे.

या जमिनीत कांस, म्हणजे खोल मुळ्यांचे चिवट गवत, माजलेला होता. बैलांच्या नांगराला दाद देईना म्हणून ट्रॅक्टर घेतला आणि त्याला जोडायचे अवजार पाहायला अडतीस सालच्या हिवाळ्यात आम्ही ग्वाल्हेरच्या मेळ्यात गेलो. तिथे दोन प्रकार होते. एक साधा पलटी नांगर, खोल जाऊन ढेकूळ उलटे टाकणारा. दुसरी ही चक्री: इंजिनाच्या जोरावर फिरणारी पाती, माती रव्यासारखी बारीक करणारी. विक्रेत्याने मेळ्याच्या भुसभुशीत मातीत ती चालवून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्यातही मी पाच फुटी निवडली. आमच्या इंजिनाला चार फुटीच झेपेल, असे तो विक्रेता स्वतः सांगत होता.

आदल्या दिवशी वनमालेने शेतातून कांसाची एक लांब मुळी उकरून आणून माझ्या मेजावर ठेवली होती. म्हणाली, "नाना, हिच्या प्रत्येक पेराला डोळा आहे. बारीक तुकडे केले तर जितके तुकडे तितकी रोपं. ही उलटून उन्हात वाळवायला हवी." मी तिला मेज पुसायला सांगितले. तीस वर्षे मी जमिनीचे दाखले तपासले, शेतात मात्र जोडे मळतील म्हणून बांधावरूनच परत फिरलो.

ट्रॅक्टर चालवायला सूर्याजी पायगुडे होता. पलटणीच्या मोटारींवर शिकलेला, हात उत्तम. दोन फेऱ्या झाल्यावर त्याने इंजिन बंद केले आणि बांधावर येऊन म्हणाला, "रावसाहेब, कांस निघत नाहीये, उलटा पेरला जातोय. आपण कहाल तर थांबतो." मी थांबू दिले नाही. आठवडाभर शेत मखमलीसारखे दिसत होते. पावसाळ्यात पाहिले तर उभा कांस, पूर्वीपेक्षा दाट.

मग मी जे केले ते असे. साऱ्या गावासमोर म्हणालो की या माणसाने घाईने, वरवर चक्री फिरवली आणि माझी जमीन बुडवली. त्याला काढले. त्याच्या नोकरीच्या दाखल्यावर स्वतःच्या अक्षरात 'निष्काळजी' लिहिले. लष्कर शहरात ज्याने ज्याने विचारले त्यालाही तेच सांगितले. त्याला पुन्हा कोणी गाडी दिली नाही. सात वर्षे तो नई सडकेवर सायकलींची पंक्चरे काढतो आहे आणि मी त्या रस्त्याने जायचे टाळतो. वनमालेने तोंडावर दोष दिला असता तर बरे झाले असते.

कलम ४. पुढचे अवजार वनमालेने निवडावे. तिला शिकवण्याइतके मला कळत नाही, पण चुका करून शिकलेले लिहितो. विक्रेत्याला आपल्याच शेतात, नाल्याकडच्या दाट कांसाच्या कोपऱ्यात चालवून दाखवायला लावावे. रुंदी इंजिनाच्या ताकदीप्रमाणे घ्यावी, मालकाच्या तोऱ्याप्रमाणे नव्हे. आधी दोन उन्हाळे पलटी नांगर, मुळ्या वेचून जाळाव्यात, त्यानंतरच चक्री. चक्री वाईट नाही. ट्रॅक्टर कोणी चालवायचा हेही तिनेच ठरवावे. तिने सूर्याजीलाच ठरवले आहे, मला दिसते.

कलम ५. याच ऐंशी बिघ्यांतली रस्त्याकडची दहा बिघे चांगली जमीन मी सूर्याजीला लिहून देणार होतो. हे कलम आता रद्द आहे, ती दहा बिघेही वनमालेचीच; त्याचे कारण पुढे देतो.

आज सकाळी त्याला बोलावून वरचा मजकूर, त्याच्या जमिनीच्या कलमासह, वाचून दाखवला. वकील रमाकांत गद्रे हजर होते. सात वर्षांनी तो माझ्या दारात आला आणि बसा म्हटले तरी बसला नाही. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "साक्षीदार कोण आहे?" वकील म्हणाले, एक मी, दुसरा अजून ठरायचा आहे.

"मग मी करतो सही."

वकिलांनी समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, जमीन हातची जाईल. सूर्याजी म्हणाला, "जाऊ द्या. जमीन घेतली तर लोक म्हणतील, बुढ्याला दया आली. मला दया नको, रावसाहेब. तुमची गलती वर आणि माझं नाव खाली, एकाच कागदावर पाहिजे."

मी त्याची माफी मागितली. त्याने ती दिली नाही, आणि तसा त्याला हक्क आहे.

हा लेख मी पूर्ण वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही करतो.

(सही) भालचंद्र त्रिंबक मोघे
मुक्काम लष्कर ग्वाल्हेर, सोमवार, १८ नोव्हेंबर १९४६, संवत २००३

साक्षीदार:
१. (सही) रमाकांत हरी गद्रे, वकील, राहणार सराफा बाजार
२. (सही) सूर्याजी राणोजी पायगुडे, राहणार नई सडक. धंदा, त्याने स्वतः सांगितल्याप्रमाणे: ट्रॅक्टर ड्रायव्हर