दोन, शून्य, वीस

२ मार्च

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

वेगळ्या टपालाने माहितीपत्रक पाठवलं आहे. गठ्ठ्यातली पहिली प्रत तुझी. अठ्ठावन्न पदव्युत्तर अभ्यासक्रम, शहाण्णव पानं. सत्तावीस वर्षं विद्यापीठाच्या छापखान्यात बसून या पदव्यांची प्रुफं वाचतो आहे. कुठे किती टक्के लागतात, कुठली परीक्षा कधी, सगळं तोंडपाठ, आणि स्वतःच्या नावापुढे एक अक्षर नाही. तुझी मामी म्हणायची, की आपण दोघं मिळून अठ्ठावन्न विषयांत नापास आहोत.

तुझं पान एकाहत्तरावं. भूजल आणि पाणीपरीक्षण, दोन वर्षं, जागा बारा. हा अभ्यासक्रम एक वर्षाआड निघतो आणि वयाची अट तीस आहे, म्हणजे तुझ्यासाठी हीच फेरी. शेवटची तारीख तीस एप्रिल. भरपूर वेळ आहे, तेव्हा घाईघाईत अर्ज खरडू नकोस. शिफारसपत्रं नीट मिळव.

हे पान आम्ही दवाखान्यात वाचलं. शेवटची सव्वीस पानं राहिली होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मामी तयार नव्हती. छापखान्यातली नोकरी संपली तरी माझ्यासमोर मूळप्रत वाचायला बसायची ती तीच. तिने वाचायचं, मी प्रुफावर नजर ठेवायची. आकडे फोडून वाचायची तिची खोड तुला ठाऊक आहे, दोन, पाच, पंचवीस. सात-आठ वर्षांपूर्वी कुठून लागली कोण जाणे. मी काय बालवाडीत आहे का, म्हणून मी तिला चिडवायचो. त्या दिवशी मात्र दम पुरत नव्हता, आवाज अगदी खोल गेला होता. आकडे एकेकदाच वाचले. मलाही पुन्हा विचारवेना. त्यानंतर पाचव्या दिवशी ती गेली.

तिच्यामागे सगळंच हळू झालं आहे. दाराची घंटा नीट वाजत नाही, रेडिओचा आवाज बसला आहे, छापखान्यातली नवी पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. असो. अभ्यासाला लाग. लोभ आहेच, तो पत्रातून कळवत राहा.

तुझा
मामा

१४ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

माहितीपत्रक मिळालं. एकाहत्तरावं पान इतक्या वेळा उघडलं आहे की पुस्तक आता तिथेच आपोआप उघडतं. प्रयोगशाळेतले सगळे हसतात. दोन वर्षांची रजा मंजूर झाली आहे, आमच्या साहेबांनी कुरकुर न करता सही केली. सहीचंच तर सगळं दुखणं आहे. विहिरीवर मी जाते, बाटल्या मी भरते, नमुना मी तपासते, आणि पाणी पिऊ नका असं लिहिलेला कागद सहीसाठी आठ-आठ दिवस साहेबांच्या टेबलावर पडून राहतो, कारण पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे. तोवर लोक तेच पाणी पितात. मला ती सही हवी आहे, बाकी काही नको.

एप्रिलभर उन्हाळी नमुन्यांचं काम आहे, त्यामुळे अर्ज घेऊन सत्तावीस तारखेला स्वतःच येईन. तीन दिवस हाताशी राहतात. बाकी कुणाच्या पत्रकावर मी इतकी विसंबले नसते, पण तुम्ही आणि मामीने वाचलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दाराची घंटा दुरुस्त करून घ्या. आणि एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, सहजच. तुमचा लोभ मला पुरून उरतो, तरी वाढवत राहा.

तुमची
टिंबू

३ मे

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. मी अर्ज करायचा विचार सोडून दिला आहे. इथे एक जण नोकरी सोडून गेला, दुसरी बाळंतपणाच्या रजेवर, अशात दोन वर्षं निघून जाणं मनाला पटेना. शिवाय या वयात पुन्हा पहिल्या बाकावर बसायचं म्हणजे अवघडच. सत्तावीस तारखेला म्हणूनच आले नाही.

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माहितीपत्रक फार सुबक झालं आहे. तुमच्या तब्येतीचं काहीच लिहीत नाही तुम्ही. लोभ कमी करू नये.

तुमची
टिंबू

११ मे

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतो, तेव्हा या पत्रातही काहीतरी चुकलं आहे एवढं मला कळतं. मार्चमध्ये पाणी पिणाऱ्या लोकांसाठी जीव तुटत होता, आणि मे महिन्यात पहिल्या बाकाची लाज वाटायला लागली. मला राग आला आहे. तो लपवून आशीर्वाद देणं मला जमत नाही.

आमच्या फाटकावरचा रखवालदार म्हणतो, की सत्तावीस तारखेला दुपारी तू भूजल विभागाच्या पायऱ्यांवर बसली होतीस, मांडीवर कागदांचं पाकीट होतं. मी त्याला ठणकावलं, की माझी भाची इथवर येऊन चहा न घेता जाणार नाही. त्याने पुन्हा तेच सांगितलं. चष्मा बदल म्हणालो त्याला.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. मामी वाचलेल्या प्रत्येक आकड्याखाली मूळप्रतीत पेन्सिलीने टिंब देत असे. तुझं पान आलं तेव्हा तिने मथळ्यापाशीसुद्धा एक टिंब दिलं, आणि ही आपली टिंबू, असं काहीतरी म्हणाली. मला नीट ऐकू आलं नाही, पण ती हसत होती. त्या पानासाठी तिने उरलेला श्वास खर्च केला आणि तू ते पान मिटून टाकलंस. कारण तरी खरं सांग. लोभाला जागून उत्तर दे.

मामा

९ जून

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तू उत्तर दिलं नाहीस. काल माझ्या टेबलावर आपोआप आलं. शुद्धिपत्र. चार बोटांची पट्टी, एकच ओळ, आणि तीही प्रूफ तपासायला माझ्याकडेच. पान एकाहत्तर, अर्जाची शेवटची तारीख ३० एप्रिल ऐवजी २० एप्रिल अशी वाचावी.

मी कपाटातून मूळप्रत काढली. तिथे २० आहे, स्वच्छ. जुळाऱ्याने अक्षरं जुळवताना दोनाचा तीन केला. हाताने लिहिलेले दोन आणि तीन सख्खे भाऊच असतात, म्हणून तर वाचायला दोघं बसतात. आणि त्या २० खाली पेन्सिलीचं टिंब आहे. म्हणजे तिने वीस वाचलं. टिंबू, मी तीस ऐकलं. माझ्यासमोर तीस छापलेलं होतं आणि मी तीस ऐकलं.

तू इथे येऊन गेलीस, तुला खिडकीवरच्या माणसाने वीस तारीख सांगितली, आणि तू माझ्या दारावरून परत गेलीस. ताकास तूर लागू दिली नाहीस. रखवालदाराची माफी मागितली आहे.

कुलसचिवांना सगळं लेखी दिलं, चूक माझी म्हणून. तुझ्यासारखे आणखी तिघे आहेत. पण प्रवेशपरीक्षा पंचवीस एप्रिललाच होऊन गेली, बारा नावं लागली. कुलसचिवांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कितीतरी वेळ काही सांगत राहिले. मी मान डोलावत राहिलो. बाहेर येऊन शिपायाला विचारलं, की साहेब काय म्हणाले. तो म्हणाला, नाही म्हणाले.

तिथून थेट कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. उजवा कान कधीच गेला आहे, डावा निम्मा. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. मला वाटत होतं तिचा आवाज खोल गेला. आवाज होता तसाच असेल. माहितीपत्रकाचं काम मी सोडलं आहे, कुणी काढायच्या आत.

तुझं जे गेलं ते मी भरून देऊ शकत नाही, आणि क्षमा मागायलाही तोंड नाही. तरी एक मागतो. शेवटच्या दुपारी तू तिच्या उशाशी होतीस, मी पायाशी. ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. मी हो म्हणालो. तिला दम लागत होता, पुन्हा कशाला बोलायला लावायचं, म्हणून हो म्हणालो. पाच महिने मी समजत होतो, की ती निरोप घेत होती. आता कशाचाच भरवसा वाटत नाही. ती काय म्हणाली, ते मला लिहून कळव. लोभ मागायचा हक्क उरला असेल तर तो असू दे.

तुझा
मामा

१७ जून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही क्षमा मागू नका, मामा, कारण आधी ती मला मागायची आहे.

मामीला ठाऊक होतं. दवाखान्यात तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात तेव्हा तिने मला सांगितलं, की यांचा एक कान गेला आहे आणि दुसरा त्याच वाटेवर आहे. सात-आठ वर्षांपूर्वी तुम्ही बासष्टचं बाहत्तर ऐकलंत, तिने ते वेळीच पकडलं, आणि त्या दिवसापासून ती आकडे फोडून वाचायला लागली. ती खोड नव्हती. तुमची खुर्ची जाऊ नये म्हणून ती सगळी पानं दोनदा वाचत होती आणि तुमचं चिडवणं हसून घेत होती.

माझ्यामागे तू सांग, पण हळूच सांग, असं ती म्हणाली. मी कबूल केलं. मग ती गेली, तुम्ही असे बसून राहिलात, आणि मला वाटलं, इतक्यात यांचं आणखी काय काय काढून घ्यायचं. म्हणून दाराची घंटा दुरुस्त करा असं लिहीत बसले. खिडकीवरच्या माणसाने वीस म्हटलं तेव्हाच मला कळलं काय झालं असेल. त्या पायऱ्यांवर बसून मी तासभर रडले. प्रवेश गेला म्हणून रडले, ते खोटं सांगत नाही. पण वर येऊन तुम्हाला तोंड दाखवलं असतं तर मामीचं शेवटचं पान चुकलं, हे तुम्हाला कळलं असतं. तिने ते बरोबर वाचलं होतं, हे तुमच्या पत्राने कळलं. त्या टिंबाने मला केवढं बरं वाटलं, ते लिहिता येत नाही.

पुढच्या फेरीला मी एकतीस वर्षांची असेन. सही साहेबांचीच राहील. आता कागद त्यांच्या टेबलावर ठेवत नाही, हातात धरून समोर उभी राहते.

तुम्ही विचारलंत ते लिहिते. लिहावं की नाही, यात सहा दिवस गेले. मामी तुमच्याकडे बघून म्हणाली, की ऐकू आलं नाही तर नुसतं हो म्हणू नका, पुन्हा विचारत जा. आणि तुम्ही हो म्हणालात.

ती माझ्याकडे बघून हसली, मामा. त्यानंतर ती काही बोलली नाही.

रविवारी येते आहे. घंटा वाजवणार नाही, दार उघडं ठेवा. लोभ आहे तेवढाच राहू द्या, तेवढा मला आयुष्यभर पुरेल.

तुमची
टिंबू