पडद्यामागची बाई

मुल्लियवळै, ११ फेब्रुवारी

प्रिय मयूरन,

रविवार, दोन फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. त्या वेळी तू सहा पाहुणे घेऊन सिन्नत्तुरै वैद्यांच्या पडवीतला पडदा बाजूला केलास. रागात पत्र लिहू नये, असं शाळेत सिस्टर्सनी शिकवलं होतं. त्यांचं मी बरंच ऐकलं. आज ऐकत नाही.

तुझं हे पर्यटनाचं काम मला आवडलं होतं. प्लास्टिक नाही, ताडाच्या पानांची ताटं, कमाई गावातच राहणार. वैद्यांची झाडं तू दाखवायचास तेव्हा म्हातारा खुलून बोलायचा. पण पडद्यामागे रोगी तोंडावर कापड घेऊन निजतात, त्याला तू 'तमिळ सिद्धवैद्यकातलं ध्यान' म्हणालास. कसलं ध्यान, बाबा? इथलं युद्ध संपल्यावर कुणाच्या अंगात तोफगोळ्याचा तुकडा सापडला की त्याला बंडखोर समजून लष्कराची चौकशीची गाडी दारात यायची. म्हणून वैद्यांनी तोंडं झाकली, शेजाऱ्यालाही शेजारी ओळखू येऊ नये म्हणून. तू तेव्हा टोरांटोत शाळेत होतास. पण विचारायचं तरी.

वैद्य म्हणाले, "बाहेर हो." तू हसलास, "दोन मिनिटं, ऐया. फार लांबून आलेत." ते म्हणाले, "जखमही लांबूनच आलीय. तिला विचारलंस?" तोवर तुझ्या पाहुण्यांतल्या एकीने तिथे निजलेल्या बाईच्या उघड्या पायाचा फोटो घेतला होता.

ती बाई तेव्हापासून तेलाच्या पट्टीला गेलेली नाही. भरत आलेली जखम पुन्हा वाहते. हॉस्पिटलला नाही म्हणते, तिथेही कोणी पडदा उघडेल म्हणून. गेल्या शुक्रवारी घरी आलेली नर्स सांगून गेली की आणखी आठवडाभर असंच चाललं तर पाय कापावा लागेल. मी रोज समजावते. ती भिंतीकडे तोंड करून पडते. मला फारशी आशा उरलेली नाही.

तिने मला शपथ घातली आहे, ती मी मोडते. ती बाई म्हणजे तुझी आई. तुला ती फोनवर गुडघे दुखतात म्हणून सांगते. तुझा आवाज आला तेव्हा तिने कापड दातांत धरलं, हुंदका बाहेर पडू नये म्हणून. इकडे येऊ नकोस. तुला कळल्याचं तिला कळलं, तर ती पुन्हा कधीच वैद्यांची पायरी चढणार नाही. पडद्यामागे कोणाला नेणार नाही आणि तो फोटो पुसून टाकला आहे, एवढं स्वतःच्या हाताने लिही. वर तिचं नाव नको, 'त्या बाईंना' एवढंच. वैद्य घरी येऊन तिला वाचून दाखवतील. शुक्रवार, चौदा तारखेला दुपारी बाराच्या आत ते पत्र वैद्यांच्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच,
मोठी मावशी पुनितवती